बिनपाल्याची पोपटी

पोपटीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. रायगड जिल्ह्यात राहणाऱ्या बाईनं असं बोलू नये, पण फिरतं त्याला मी काय करू? संक्रांत उलटली, वालाच्या शेंगा भरल्या की फोन सुरू होतात. कोणाची कोलाडला पोपटी, कोणाची पेणजवळच्या फार्महाउसवर. ज्यांनी जन्मात वालाची शेंग तोडली नाही अशी माणसं पुण्याहून गाडी काढून येतात, मडक्याशेजारी उकिडवं बसून फोटो काढतात आणि वर ‘काय तो मातीचा वास!’ म्हणतात. मातीचा कसला, कपाळ! तो भांबुर्ड्याचा वास असतो. बांधावर उगवणारा हा उग्र पाला मडक्याच्या तळाशी घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे हवी तर अंडी नाहीतर कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. एवढंच आहे ते. ह्याच्यावर हल्ली लोक भरभरून लिहितात, आणि ते वाचलं की मला जेवण जात नाही.

माझी पोपटी वेगळी होती. तिच्यात शेंगा नव्हत्या आणि पालाही नव्हता.

नव्वदच्या दशकातला तो माघ. कोलाडच्या पुढे कोकण रेल्वेचे भराव पडत होते, हायवेच्या कडेच्या झाडांची पानं धुळीनं लाल झालेली असायची. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि रोह्याला नानाकाकांकडे राहत होते. माझे वडील पेणच्या शाळेत मास्तर होते. ते अकाली गेले तेव्हापासून आई आणि मी नानाकाकांच्या घरी. काका एका कंपनीत कोळशाच्या आवारावर सुपरवायझर होते. आलेले ट्रक उतरवून घ्यायचे, बॉयलरला कोळसा कमी पडू द्यायचा नाही, शिफ्टला माणसं लावायची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. बाजारातून चालताना चार जणांना हाक मारल्याशिवाय त्यांना पुढे जाता यायचं नाही. मला ते शैले म्हणायचे.

त्या कंपनीच्या मागे, कुंपणाच्या बाहेर, टाकाऊ कोळशाचा एक ढीग होता. दगड मिसळलेला, गंधकाचा कोळसा, बॉयलरला न चालणारा. असा कोळसा उघड्यावर पडून राहिला की आतल्या आत तापतो, कोणी काडी लावावी लागत नाही. वरून काळा, मुका, आणि कोपरभर हात आत घातला तर कातडी सोलून निघेल इतका कढत. थंडीच्या सकाळी त्यातून धूर निघायचा. पायथ्याशी तांबूस पिवळं पाणी झिरपून नाल्याला मिळायचं. निळा लिटमस कागद त्यात नुसता टेकवला की लाल व्हायचा. नाल्याच्या त्या काठाला गवताचं पातं नव्हतं. गुरंसुद्धा तिकडे तोंड घालत नसत.

माझे सर म्हणाले, ‘ह्यात राहणारे असतात. काढून दाखव.’ सर म्हणजे एक विचित्र प्रकरण होतं. विद्यार्थ्याचं कौतुक केलं की तो बिघडतो असं त्यांचं पक्कं मत. माझ्या पहिल्या अहवालावर त्यांनी ‘शुद्धलेखन सुधारा’ एवढाच शेरा मारला होता. पण देशाबाहेरच्या कोणाकडून तरी मागवलेल्या लेखांच्या फिकट झेरॉक्स त्यांच्या कपाटात होत्या आणि त्यातली एक त्यांनी माझ्या हातात टेकवली. आर्किया. आमच्या पुस्तकात तेव्हा ह्या जीवांना अर्धा परिच्छेद होता, तोही बॅक्टेरियाच्या प्रकरणात शेवटी, पाहुण्यांना ओटीवरच बसवून पाणी द्यावं तसा. खरं तर ते बॅक्टेरिया नव्हेतच. ते एक वेगळंच घराणं आहे, आणि त्यातल्या पुष्कळांना आपण जिथे मरू तिथेच बरं वाटतं.

मला त्यांच्या जगण्याचं नवल वाटलं नाही. जगतात, ठीक आहे. मला त्यांचं खाणं बघायचं होतं. खाल्लेलं अंगी कसं लागतं हाच सगळ्या जीवांचा मूळ प्रश्न आहे. साखरेतला कार्बन आत जातो, त्यातला थोडा जळतो आणि उरलेल्याचं शरीर होतं. हे कोणत्या रस्त्यानं? पुस्तकातला रस्ता एकच. साखरेच्या रेणूवर आधी दोनदा फॉस्फेट चढवायचं, म्हणजे पदरची शक्ती घालायची, मग तिचे तुकडे करायचे आणि शेवटी घातल्यापेक्षा जास्त शक्ती वसूल करायची. माणूस, बेडूक, यीस्ट, सगळे ह्याच रस्त्यानं जातात असं आम्हाला घोकून घोकून पाठ करायला लावलं होतं. आज मीही बारावीला तेच घोकून घेते. मार्चमध्ये पेपरांचे गठ्ठे येतात, प्रत्येक पेपरात त्याच पायऱ्या, त्याच बाणांनी, त्याच चुकांसकट. लाल पेन हातात धरून मी चडफडत बसते.

कोळशाच्या ढिगातले हे जीव त्या रस्त्यानं जात नाहीत. ते साखरेवर फॉस्फेट चढवत बसत नाहीत. तिचं सरळ आम्ल करतात, त्यातून पाणी काढून टाकतात, आणि उरतं त्याचे मधोमध दोन तुकडे करतात. तिथपर्यंत हाती काय लागतं? काही नाही. ना नफा ना तोटा. मग ते तुकडे पुढच्या चक्रात घालून प्राणवायूवर जाळतात तेव्हा कुठे शक्ती मिळते, आणि त्याच चक्रातून मधे मधे काढून घेतलेल्या कार्बनच्या तुकड्यांतून प्रथिनं, चरबी, सगळं अंग उभं राहतं. दुसरे काही उष्णतेचे भोक्ते तर ते चक्रच उलटं फिरवतात आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधतात. हे वाचलं त्या दिवशी मी कासू स्टेशनवर गाडीतून उतरायची विसरले. मैत्रिणीकडे जायचं होतं, थेट रोह्याला पोचले.

ढिगातून आणलेल्या काळ्या चिखलातून मी ते जीव वाढवले. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर त्यांना धड आकार नाही. अंगावर भिंतच नसते त्यांच्या, नुसतं पातळ आवरण, म्हणून कधी गोल, कधी वाकडे. त्यांना साठ अंशांच्या आसपास ऊब हवी आणि लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी हवं. साध्या, गोड्या, पिण्याच्या पाण्यात पडले की फुटून मरतात.

आता साठ अंश आणायचे कुठून? कॉलेजचा उबेचा डबा सदतीसच्या वर चढायचा नाही, आणि चढला तरी वीज कधी जाईल ह्याचा नेम नाही. शेवटी मी ते रोह्याच्या घरी, परसाच्या टोकाला, भिंतीलगत केलं. पितळी पातेल्यात पाणी, त्यात कापसाचं बूच लावलेल्या बाटल्या, वरून उपडं मडकं आणि मडक्याभोवती भाताचं तूस. तूस पेटत नाही, धुमसतं. एकदा जमलं की दिवसभर एकसारखी ऊब देतं. मडक्याला वर भोक पाडून त्यात मी थर्मामीटर बसवला होता. मी कॉलेजला गेले की आई तूस सारखं करायची. ‘तुझ्या लेकरांना थंडी नाय ना वाजत गो?’ असं ती संध्याकाळी विचारायची, आणि मी तिच्यावर खेकसायचे. काका शिफ्टवर असायचे. परसाच्या त्या टोकाला त्यांचं काही काम नसायचं.

एका दुपारी कॉलेजात मी त्या जीवांना फोडून त्यांच्या रसाला साखरेचं आम्ल खाऊ घातलं आणि मधल्या पायरीची चाचणी लावली. तो मधला पदार्थ तयार झाला असेल तर उकळत्या पाण्यात धरलेल्या नळीत गुलाबी रंग येतो, नाहीतर येत नाही. रंग आला. मी ती नळी खिडकीशी धरून उभी राहिले. रोह्याच्या कचऱ्यातला जीव त्या दुसऱ्या रस्त्यानं जात होता, आणि हे जगात त्या क्षणी मला एकटीला माहीत होतं. इतका आनंद मला त्यानंतर कधी झालेला नाही, हे सांगायला लाज कशाला वाटायला हवी?

सरांनी नळी बघितली आणि म्हणाले, ‘एकदा आलेला रंग मी रंग धरत नाही. पुन्हा दाखव.’ मग म्हणाले, ‘दाखवलास तर पुण्याला संशोधनाची जागा आहे. मी शब्द टाकलाय.’ सरांनी शब्द टाकलाय! मी त्या दिवशी गाडीत बसून आले की उडत आले, मला आठवत नाही. पुन्हा दाखवायचं तर भरपूर जीव हवेत. मी मडक्याखाली बाटल्या वाढवल्या. सोमवारी त्या कॉलेजात न्यायच्या होत्या.

रविवारी रात्री काकांनी पोपटी लावली. खांब गावच्या शेतातून वालाच्या शेंगांचं पोतं आलं होतं, कंपनीतले दोघे-तिघे मित्र आले होते. विहिरीच्या बाजूला पेंढ्याचा जाळ भडकला होता आणि मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. परसातून काकांचा आवाज आला, ‘अरे, ही दुसरी पण झाली की!’ मग खळकन आवाज. मी विळी तशीच टाकून धावले. काकांनी काठीनं माझं मडकं उलथलं होतं. पातेलं आडवं, बाटल्या फुटलेल्या, आणि तूस अजून धुमसतंय म्हणून काकांनी वर विहिरीच्या पाण्याची बादली ओतली. गोडं पाणी. कुजक्या अंड्यासारखी घाण सुटली होती, पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले होते. ‘शैलेनं वालाचं सूप केलंय!’ काका म्हणाले, आणि सगळे पोट धरधरून हसले.

मी रडले, ओरडले, काकांना नको नको ते बोलले. काकांनी आपले कान धरले. ‘चुकलो गो बाय, अंधारात नाय समजला. उपडं मडकं दिसलं, पोपटीच वाटली.’ ह्यावर काय बोलणार? माघात, रोह्यात, परसात धुमसणारं उपडं मडकं. आमच्याकडचा कोणीही माणूस ते पोपटीच समजेल. आईनं मला आत नेलं, पाणी दिलं. हसली नव्हती ती तेवढी एकटीच.

मंगळवारी मी पुन्हा चिखल आणायला गेले तर ढीग जागेवर नव्हता. कुठे हलवला देव जाणे. जमीन सपाट केली होती, वर मुरूम टाकला होता आणि काठी घेतलेला वॉचमन उभा होता. ‘इकडं यायचं नाय, मॅडम.’ मी नशिबाला शिव्या दिल्या. नशिबाला! इतकी शिकलेली मुलगी मी, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. प्रयोगाच्या जागी मी वाचलेल्या लेखांचा गोषवारा लिहून दिला. पास झाले. पुण्याची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पुढे बी.एड. केलं आणि पेणला ज्युनियर कॉलेजात लागले. तिथेच आहे.

आणि वालाचं सूप मात्र अमर झालं. त्यानंतरच्या प्रत्येक पोपटीला, प्रत्येक लग्नात, बारशात, काका ती गोष्ट सांगायचे आणि प्रत्येक वेळी ती थोडी फुगायची. एकदा तर बाटल्यांचा स्फोट झाला होता. मीही हसायला शिकले. न हसून करते काय? अडाणी चूक होती, मनापासून झालेली होती, आणि काका म्हणजे घरातले कर्ते. मनात म्हणायचे, बैल आहे झालं, बैलावर काय रागवायचं. अशी मी त्यांना माफी देऊन टाकली होती आणि पोपटीवर राग काढत बसले होते.

ह्या वर्षी मी जाणार नव्हते. पण काकांचा नातू तुषार गाडी घेऊन दारातच आला. ‘आजोबांनी बोलावलंय आत्या, ह्या खेपेला नाही म्हणू नको.’ काका आता खांबला शेतावरच्या घरात असतात. गुडघे गेलेत, आवाज तेवढाच आहे. खुर्ची अंगणात टाकून ते पोरांच्या पोपटीवर देखरेख करत होते. जाळ ओसरला तसा तुषार काठी घेऊन मडकं उलथायला गेला आणि काका कडाडले, ‘ए, उघडून बघतोस काय? मडक्यावर पाण्याचा हबका मार. चुर्र झाला का झाली. आणि नाकाला काय झालाय तुझ्या? भांबुर्ड्याचा वास सुटलाय बघ. आंधळ्याला पण समजेल पोपटी हाय का नाय ते.’

मी शेजारी बसले होते. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. आंधळ्यालाही समजतं. त्या रविवारी शेजारी खऱ्या पोपटीचा जाळ भडकलेला, आणि माझ्या मडक्याभोवती पेंढ्याची राखसुद्धा नाही, नुसतं तूस. वर थर्मामीटर. पाल्याचा वास नाही, उलट गंधकाची घाण. आणि हा माणूस हयातभर पोपट्या लावत आलेला. त्यात मंगळवारपर्यंत ढीग गायब.

‘काका,’ मी म्हटलं, ‘रोह्याच्या माझ्या मडक्याला भांबुर्ड्याचा वास येत होता?’

पोरं हसायला लागली, त्यांना वाटलं सुपाची गोष्ट आली. काका हसले नाहीत. त्यांनी पोरांना मीठ आणायच्या निमित्तानं आत पिटाळलं.

‘नव्हता येत,’ ते म्हणाले.

‘मग?’

‘मग काय? ठाऊक होता मला.’ ते जाळाकडे बघत होते. ‘साहेबानं केबिनमध्ये बोलावला होता. म्हणाला, नाल्यावर रोज येते, पाण्यात कागद बुडवते, ती पोरगी तुझ्या घरातली ना? तिच्या पुस्तकात आमच्या ढिगाचं नाव आलं तर उद्यापासून गेटवर येऊ नको.’

‘मला सांगायचंत की.’

‘सांगितला असता तर ऐकली असतीस?’

नसते ऐकले. उलट ढिगाच्या पाण्याची आम्लता पहिल्या पानावर छापली असती. पण ते मी त्यांना कशाला कबूल करू? ‘मी माझं काय ते ठरवलं असतं,’ मी म्हटलं. ‘माझं आयुष्य होतं ते. तुम्ही काठीनं उलथलंत आणि वर इतकी वर्षं हसलात. सगळ्या गावाला हसवलंत माझ्यावर!’

‘हसलो नसतो तर तुला तवाच समजला असता.’

‘आणि त्या नाल्याच्या खालच्या अंगाला शेतं होती त्यांचं काय? तेही ठाऊक होतं ना तुम्हाला?’

‘व्हय. ठाऊक होता.’ एवढं सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा बसला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तू मला विचारतेस, मी पण विचारतो. त्या किड्यांच्या पोटात काय जातं, त्याचा हाडमांस कसा होतो, ह्याचा तू शोध लावत होतीस. तुझ्या आईनं सांगितला होता मला. मग तुझ्या ताटातला भात कुठनं येत होता ते शोधलास कधी?’

मी उठले. तुषार मागून ‘आत्या, शेंगा तरी खा’ म्हणत आला, त्याच्यावर ओरडले आणि चालत हायवेवर आले, आणि पेणची एसटी मिळेपर्यंत तिथे धुळीत उभी राहिले. काकांची ती नोकरी पुढे पुष्कळ वर्षं टिकली. माझं बी.एड. तिच्यावर झालं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा कंपनीचीच गाडी दारात आली होती, आणि त्या ऑपरेशनमुळे आई मला आणखी कितीतरी वर्षं मिळाली. त्या रविवारी ते मडकं शाबूत राहिलं असतं तर ह्यातलं काय झालं असतं? हा विचार मला करायचा नाही आणि तो डोक्यातून जात नाही.

बैल समजून दिलेली माफी मी त्याच संध्याकाळी परत घेतली. काकांचा फोन येतो, मी उचलत नाही. तुषार निरोप आणतो, मी दारातूनच वाटेला लावते. नानाकाकांनी माझं वाटोळं केलं आणि त्याच हातानं मला जेवायला घातलं, आणि त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मला त्यांचा जास्तच राग येतो.